दातांचे उपचार आणि सरकारी आधार : बेळगाव सीमाभागातील नवख्यांसाठी मार्गदर्शक

खासगी आरोग्य विमा नसलेल्या घरात कोणाची दाढ दुखू लागली की पहिला प्रश्न निघतो तो ‘आयुष्मान कार्डावर होईल का?’ हाच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातील कितीतरी माणसे कार्ड खिशात घालून थेट जवळच्या खासगी दंतवैद्याकडे जातात आणि ‘इथे कार्ड चालत नाही’ हे ऐकून परत फिरतात. दंतवैद्य खोटे बोलत नसतो. कीड भरणे, दाढ काढणे, रूट कॅनाल, दात साफ करणे या नेहमीच्या कामांसाठी सरकारी विमा मुळात काढलेलाच नाही. त्यांच्यासाठी सरकारने ठेवलेली सोय म्हणजे सरकारी दवाखान्यातील दंतविभाग. कार्ड कामाला येते ते जबडा मोडला, गाठ आली, तोंडाचा कर्करोग निघाला आणि रुग्णाला दाखल करून शस्त्रक्रिया करावी लागली तर. म्हणून दुखणे यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे हे आधी ठरवावे आणि मग बाहेर पडावे.

साध्या दुखण्यासाठी : तालुका दवाखाना आणि सिव्हिल

दात किडणे, हिरड्यांतून रक्त येणे, दाढ ठणकणे, दात हलणे अशा तक्रारींसाठी आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात प्रथम जावे. केंद्र सरकारचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून सुरू आहे आणि जिल्हा व त्याखालच्या सरकारी दवाखान्यांत दंतविभाग उभे करणे हा त्याचा गाभा आहे. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा दंतवैद्य नसतो. तिथे वेदनाशामक गोळी आणि पुढे जाण्याचा सल्ला मिळतो, त्यामुळे दाढेसाठी तिथली खेप टाळलेली बरी. तालुका दवाखान्यात तपासणी, औषधे, दाढ काढणे, दात साफ करणे आणि कीड भरणे ही कामे होऊ शकतात. रूट कॅनाल मात्र तिथे उपलब्ध साहित्यावर आणि दंतवैद्याच्या कामाच्या भारावर अवलंबून असते.

बेळगावात ज्याला सगळेजण अजूनही ‘सिव्हिल’ म्हणतात, ते जिल्हा रुग्णालय बेळगाव वैद्यकीय विज्ञान संस्थेला, म्हणजे बिम्सला, जोडलेले आहे. तिथे जाताना सकाळी लवकर पोहोचावे, बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवर चिठ्ठी काढावी आणि दंतविभाग असे स्पष्ट सांगावे. नुसते ‘तोंडात दुखते’ म्हटल्यास चिठ्ठी कान-नाक-घशाच्या विभागाची निघण्याचा संभव असतो आणि अर्धा दिवस रांग बदलण्यात जातो. चिठ्ठीसाठी विमा लागत नाही. ती काढण्यासाठी कार्ड असण्याची सक्तीही नाही. तरीही बीपीएल रेशन कार्ड जवळ ठेवावे, कारण एक्स-रे किंवा तपासण्यांच्या शुल्कात सवलत मागायची तर त्याच वेळी ते दाखवावे लागते. पैसे भरल्यानंतर सवलत मागत बसण्याला अर्थ नसतो.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. गर्दीच्या सरकारी दंतविभागात दाढ काढून टाकणे हे सर्वांत झटपट होणारे काम असते आणि वेदनेने बेजार झालेला रुग्ण स्वतःच ‘काढून टाका’ म्हणून मोकळा होतो. खुर्चीवर बसल्यावर ‘हा दात वाचवता येईल का, आणि वाचवायचा असेल तर कुठे जावे लागेल?’ एवढा प्रश्न विचारावा. दंतवैद्याने वाचण्यासारखा आहे असे सांगितले आणि तिथे रूट कॅनालची सोय नसली, तर तात्पुरते औषध घेऊन दंत महाविद्यालय गाठावे. चाळिशीत काढलेल्या चार दाढा साठीत कवळीच्या रांगेत उभ्या करतात.

दंत महाविद्यालये : सरकारी नसली तरी परवडणारी

बेळगाव शहराची जमेची बाजू अशी की इथे दोन दंत महाविद्यालये आहेत. एक नेहरूनगरातील केएलई विश्वनाथ कत्ती दंतविज्ञान संस्था आणि दुसरे मराठा मंडळाचे नाथाजीराव हलगेकर दंतविज्ञान संस्था व संशोधन केंद्र. दोन्ही खासगी संस्थांची आहेत, हे ध्यानात ठेवून जावे; तिथले उपचार सरसकट मोफत नसतात. परंतु दंतवैद्यकाचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करीत असल्याने दर बाजारातील खासगी दवाखान्यांपेक्षा बरेच कमी पडतात आणि दंतशास्त्राचे सर्व विभाग एकाच छताखाली मिळतात.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. खासगी दवाखान्यात दोन बैठकांत संपणारे रूट कॅनाल इथे अधिक बैठकांत होते, कारण प्रत्येक टप्पा विद्यार्थी करतो आणि पुढे जाण्यापूर्वी प्राध्यापकाची सही घेतो. ही सही रुग्णाच्या फायद्याची आहे. फक्त जांबोटी-कणकुंबीकडून एसटीने येणाऱ्या माणसाने परतीच्या गाडीची वेळ पहिल्याच दिवशी सांगून ठेवावी आणि पुढची तारीख घेताना विद्यार्थ्याच्या परीक्षेचे दिवस कधी आहेत हे विचारावे. परीक्षा आणि सुट्ट्यांमध्ये अर्धवट राहिलेले काम पुढे ढकलले जाते. पहिल्या भेटीतच संपूर्ण उपचाराचा अंदाजित खर्च चिठ्ठीवर लिहून घ्यावा. रूट कॅनालचा दर सांगताना वर बसवायच्या टोपीचा दर बहुधा वेगळा असतो, आणि नवख्या माणसाचा हिशेब नेमका तिथेच चुकतो.

कवळीसाठी ‘दंत भाग्य’

दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना पूर्ण किंवा अर्धी कवळी मोफत बसवून देणारी ‘दंत भाग्य’ ही कर्नाटक सरकारची स्वतंत्र योजना आहे आणि ती दंत महाविद्यालयांमार्फत राबवली जाते. सीमाभागातील मराठी घरांत ती फारशी पोहोचलेली दिसत नाही. गृहलक्ष्मी आणि अन्नभाग्य सगळ्यांना तोंडपाठ असतात, दंत भाग्य मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. बीपीएल रेशन कार्ड आणि आधार घेऊन तालुका दवाखान्यातील दंतवैद्याकडे अथवा सिव्हिलच्या दंतविभागात जावे, वयाची सध्या लागू असलेली अट आणि जिल्ह्यात कोणत्या महाविद्यालयात काम चालू आहे हे विचारून घ्यावे, आणि शिफारस चिठ्ठी हातात घेऊनच पुढे जावे.

आजीला घेऊन जाणाऱ्या नातवाने कवळीचे काम एका दिवसात होत नाही हे आधीच समजून घ्यावे. उरलेले खराब दात काढायचे असतील तर हिरडी भरून येईपर्यंत काही आठवडे थांबावे लागते. त्यानंतर जबड्याचे पहिले माप, मग बारीक माप, मग वरखालचे जबडे एकमेकांवर कसे बसतात याची नोंद, मग मेणात बसवलेल्या दातांची चाचणी आणि शेवटी कवळी हातात, अशी स्वतंत्र भेटींची मालिका असते. मेणातील दातांच्या चाचणीला घाई करू नये. आजीला आरशात बघू द्यावे, बोलायला लावावे, ओठ मिटतो का ते पाहावे. बदल करायचा तो याच टप्प्यावर सहज होतो, कवळी पक्की झाल्यावर होत नाही. कवळी मिळाल्यानंतर पहिल्या आठवड्यात हिरडीला टोचते म्हणून कितीतरी जण ती डबीत घालून कपाटात ठेवतात. टोचणारी जागा घासून देणे हे कामाचाच भाग असते, तेव्हा तेवढ्यासाठी पुन्हा जावे.

मुलांसाठी शाळेतून वाट आहे

अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. या कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा मुलांची तपासणी करतात आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दातांचे विकार तसेच दुभंगलेला ओठ व टाळू यांचा समावेश आहे. तपासणीनंतर मुलाच्या हाती संदर्भचिठ्ठी दिली जाते, पण ती दप्तराच्या तळाशी चुरगळून जाते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पालकांनी मुख्याध्यापकांना तपासणीची तारीख विचारून ठेवावी आणि चिठ्ठी मिळाल्यावर तीच घेऊन सरकारी दवाखाना गाठावा. दुभंगलेल्या ओठाची किंवा टाळूची शस्त्रक्रिया या मार्गाने मोफत होते. मूल मोठे होईपर्यंत थांबू असे म्हणणाऱ्या नातेवाइकांचे इथे ऐकू नये, कारण टाळू वेळेत न शिवल्यास मुलाचे बोलणे बिघडते.

कार्ड कधी लागते, आणि ते कसे वापरावे

कर्नाटकाने २०१८ मध्ये आपली आरोग्य कर्नाटक योजना केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली आणि तिचे काम सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्ट पाहतो. अंत्योदय किंवा बीपीएल रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेवरील, कार्डवाल्यांना योजना लागूच नाही असा एक समज आहे, तो खरा नाही. त्यांच्यासाठी सरकार पॅकेजच्या, म्हणजे त्या उपचारासाठी योजनेने बांधून दिलेल्या एकत्रित, दराचा ३० टक्के भाग भरते आणि त्याची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपये आहे. समजा, एखाद्या शस्त्रक्रियेचे पॅकेज ४०,००० रुपयांचे असेल, तर सरकार १२,००० देईल आणि रुग्णाने २८,००० भरायचे. यातला खरा लाभ त्या १२,००० पेक्षा दर बांधलेला असण्यात आहे, कारण तीच शस्त्रक्रिया योजनेबाहेर केल्यास दर रुग्णालय ठरवते.

तोंड आणि जबड्यासंबंधी कोणती कामे यात येतात, हे केंद्राच्या पॅकेज-यादीवरून समजते. मोडलेला जबडा तारेने किंवा पट्ट्यांनी बसवणे, जबड्याचा सांधा आखडून तोंड उघडेनासे झाल्यावरची शस्त्रक्रिया, गुटखा-सुपारीने गालाच्या आत तयार झालेले कडक पट्टे सोडवणे, जबड्यातील गाठ काढणे, कर्करोगग्रस्त भाग काढून जबडा पुन्हा उभा करणे, ही त्यातली मुख्य कामे. कीड भरणे, रूट कॅनाल आणि दिसण्यासाठी केलेले उपचार स्पष्टपणे वगळलेले आहेत. आजार किंवा इजा झाली आणि दाखल करून उपचार करावे लागले तरच दाताचे काम विचारात घेतले जाते. निपाणी-चिकोडी भागात तंबाखू पिकते, वळली जाते आणि चघळलीही जाते. त्या भागातील वाचकाने तोंडात तीन आठवड्यांनंतरही न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा पूर्वी तीन बोटे मावत होती तिथे आता दोनच मावतात असे काही आढळल्यास दाढदुखीची वाट पाहू नये आणि थेट सिव्हिलमध्ये दाखवावे.

या योजनेत सर्वांत जास्त माणसे अडखळतात ती रेफरलवर. कर्नाटकात नियम असा आहे की रुग्णाने प्रथम सरकारी दवाखान्यात जावे, उपचार तिथे होत असतील तर तिथेच घ्यावेत, आणि होत नसतील तर तिथल्या डॉक्टरांनी दिलेल्या रेफरलवर योजनेच्या यादीतील खासगी रुग्णालयात जावे. शेजारच्या महाराष्ट्रात नातेवाईक असणारे लोक तिथल्या ऐकीव माहितीवर विसंबून थेट मोठ्या खासगी रुग्णालयात दाखल होतात, आणि मग शस्त्रक्रियेनंतर रेफरल आणायला धावतात. तसा मागाहून आणलेला कागद बहुधा उपयोगी पडत नाही. अपघात किंवा जिवावर बेतणारी स्थिती याला अपवाद आहे. अपघातात जबडा मोडून रक्त वाहते आहे, किंवा दाढेच्या संसर्गाने गळ्याखाली सूज आली आहे, ताप आहे, तोंड उघडत नाही आणि थुंकी गिळता येत नाही, अशा वेळी १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी आणि कागदांचा विचार दाखल झाल्यावर करावा. ही दुसरी अवस्था ‘दाढच तर आहे’ म्हणून घरी काढली जाते आणि ती जीवघेणी ठरू शकते.

यादीतील रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टरांआधी आरोग्यमित्राची, म्हणजे तिथे योजनेचे काम पाहणाऱ्या माणसाची, खिडकी शोधावी. रेशन कार्ड आणि आधार यांच्या मूळ प्रती, रेफरल आणि पूर्वीचे एक्स-रे त्याला द्यावेत. तो संगणकावर नाव तपासून मंजुरीची मागणी पाठवतो. मंजुरी येण्यापूर्वी कोणत्याही पावतीवर ‘रोख रुग्ण’ म्हणून सही करू नये.

कागदांचे एक दुखणे आपल्या भागापुरते आहे. रेशन कार्डावरचे नाव कन्नडमध्ये, आधारवर कन्नड आणि इंग्रजीत, शाळेच्या दाखल्यावर मराठीत, अशी अवस्था असल्याने एकाच माणसाचे नाव एके ठिकाणी ‘ज्योतिबा’, दुसरीकडे ‘जोतिबा’ आणि तिसरीकडे वडिलांच्या नावाशिवाय नुसते आडनावासह लागलेले असते. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्याच रेशन कार्डावर राहिलेले असते. संगणकाला ही माणसे वेगळी वाटतात आणि मंजुरी अडते. त्यामुळे आजार नसताना, सवडीच्या दिवशी, ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रात जाऊन घरातील प्रत्येकाचे नाव, जन्मसाल आणि आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक तपासून घ्यावा आणि त्याच वेळी आयुष्मान कार्डाची ओळखपडताळणी उरकावी. अर्ज कन्नडमध्ये भरला गेला तर सही करण्यापूर्वी नावाचे अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचून घ्यावे.

महाराष्ट्रातून नोकरीसाठी बेळगावात आलेल्या आणि रेशन कार्ड तिकडेच असलेल्या कुटुंबाला कर्नाटकाचा बीपीएल लाभ मिळणार नाही. त्यांच्याकडे स्वतःच्या राज्यातील आयुष्मान कार्ड असल्यास ते देशभर यादीतील रुग्णालयांत चालते, ते बरोबर बाळगावे. सरकारी बाह्यरुग्ण विभाग तर सर्वांनाच खुला असतो.

पगारातून कपात होत असेल तर

उद्यमबागेतील फाउंड्री आणि यंत्रकारखान्यांत काम करणाऱ्यांपैकी अनेकांना आपण ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, विमाधारक आहोत हेच माहीत नसते, विशेषतः ठेकेदाराकडे असलेल्यांना. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना ईएसआयखाली येत असेल, तर कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. १५,००० रुपये पगारावर ही कपात ११३ रुपये होते. पगारपत्रकावर ती दिसत असेल तर ठेकेदाराकडून विमा क्रमांक मागावा, ई-पहचान कार्ड काढावे आणि त्यात बायको-मुलांची नावे घालून घ्यावीत. दातांच्या बाबतीत हाच आधार सर्वांत भक्कम आहे, कारण आयुष्मानप्रमाणे दाखल होण्याची अट इथे नाही; बाह्यरुग्ण दंतोपचारही ईएसआयच्या वैद्यकीय लाभात बसतात. आधी नेमून दिलेल्या ईएसआय दवाखान्यात जावे आणि तिथून अशोकनगरच्या ईएसआय रुग्णालयासाठी चिठ्ठी घ्यावी.

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने माजी सैनिकांची घरे इथे गावोगावी आहेत. त्यांनी ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड जिवंत ठेवावे, कारण तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये दंतोपचार मिळतात आणि पत्नीलाही त्याचा लाभ होतो. सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी असलेली यशस्विनी योजना ही दाखल होऊन करायच्या शस्त्रक्रियांची आहे. दाढ भरण्यासाठी तिच्याकडे पाहू नये.

सीमेपलीकडे जावे का

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ८६५ सीमागावांतील रहिवाशांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि कर्नाटक सरकारने त्याला आक्षेप घेतला. त्या वादात न शिरता रुग्णाच्या सोयीपुरते सांगायचे तर तीही योजना मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांची आहे, त्यामुळे रूट कॅनालसाठी कोल्हापूरची वाट धरण्यात हशील नाही. जबड्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मिरज-कोल्हापूरकडे जायचेच असेल, तर निघण्यापूर्वी त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राशी बोलून आपले गाव आणि आपली कागदपत्रे तिथे चालतात का याची खात्री करून घ्यावी. खानापूरकडच्या लोकांना गोव्यातील बांबोळी जवळची वाटते आणि तिथे सरकारी दंत महाविद्यालय आहेही. मात्र बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात परराज्यातील रुग्णांकडून २०१८ पासून शुल्क घेतले जाते, तेव्हा तिथे सर्व फुकट होते ही जुनी समजूत धरून निघू नये.

पैसे मागितले तर

बीपीएल रुग्णाकडून योजनेत मंजूर झालेल्या शस्त्रक्रियेसाठी प्लेट, स्क्रू, भूल किंवा औषधे यांच्या नावाने वेगळे पैसे मागितले जात असतील, तर ते कशासाठी आहेत हे लिहून मागावे. पॅकेजमध्ये या गोष्टी धरलेल्या असतात. लिहून देण्यास नकार मिळाल्यास आरोग्यमित्राकडे तक्रार नोंदवावी आणि त्याच दिवशी कर्नाटकाच्या १०४ या आरोग्य साहाय्यवाणीवर किंवा आयुष्मान भारतच्या १४५५५ या क्रमांकावर कळवावे. फोन करताना रेशन कार्डाचा क्रमांक, दाखल झाल्याची तारीख आणि मंजुरीचा क्रमांक समोर ठेवावा. पैसे भरणे टाळता आले नाही, तर पावती घेतल्याशिवाय देऊ नयेत. पावती नसलेली तक्रार पुढे सरकत नाही. पावतीवर रुग्णाचे नाव रेशन कार्डावर आहे तसेच लिहिले आहे का, हे खिडकी सोडण्यापूर्वी पाहून घ्यावे.